मी ऑल इन म्हणाले होते

मी लोकांचे कान तपासते. मँचेस्टरच्या एका सरकारी हॉस्पिटलात बावीस वर्षं माझं हेच काम आहे. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बीप ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. बहुतेक लोक सत्तरीच्या पुढचे असतात. घरच्यांचं बोलणं कळेनासं झालेलं असतं म्हणून चिडलेले, थोडे घाबरलेलेही. त्यांना माझं बोलणं कळतं. कळावं म्हणूनच मला पगार मिळतो.

पोकरकडे मी वळले ते एका पार्सलमुळे. दोन घरं सोडून एक रिटायर्ड पोस्टमन राहतो. बायको गेल्यापासून एकटाच. माझं एक पार्सल त्याच्याकडे ठेवलं होतं, ते आणायला गेले तर किचनच्या टेबलावर पत्ते मांडलेले. माझी नजर तिथेच अडकली. मिरजेला आमच्या घरी सुट्टीत दुपारभर मेंढीकोट चालायचा आणि माझे दोन्ही काका मला आपल्या बाजूला घ्यायला भांडायचे, कारण कुठली पानं पडून गेली ते माझ्या लक्षात राहायचं. लग्न होऊन इथे आल्यावर पत्त्यांना हात लावला नव्हता. मी त्याला विचारलं, हा कुठला डाव? त्याने खुर्ची पुढे सरकवली.

पोकर समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं एकेक करून उघडली जातात, आणि सगळी मिळून ज्याचा हात भारी तो जिंकतो. पण पानं दाखवायची वेळ येण्याआधीच चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, लावून समोरच्याला पळवून लावता येतं. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स देतात. त्या संपल्या की घरी जायचं. पोस्टमनने मला सहा आठवडे शिकवलं आणि मग दर गुरुवारी संध्याकाळी पबमध्ये लीग चालायची तिथे घेऊन गेला.

पहिले तीन महिने मी जवळजवळ दर वेळी सर्वांत आधी बाहेर पडले. मला पानं टाकून देववत नसत, म्हणजे तो डाव सोडवत नसे. तो म्हणायचा, तू प्रत्येक हाताला माया लावतेस. हळूहळू टाकायला शिकले. टेबलावरचे पुरुष मला, इथे अनोळखी बाईला म्हणतात तसं, "लव्ह" म्हणत, माझी पाळी आली की बोटाने दाखवत, जसं काही मला ते कळणारच नव्हतं. एकाने तर पहिल्याच दिवशी विचारलं, की तुझे मिस्टर कुठल्या टेबलावर आहेत? माझा नवरा त्या वेळी घरी भांडी घासत होता. तसं मी सांगितलंही.

त्या वर्षी लीगमध्ये मी पहिली आले. प्लास्टिकचा सोनेरी कप मिळाला. नवऱ्याने तो देवघराच्या शेजारच्या शेल्फवर ठेवला. महाराष्ट्र मंडळात बातमी गेली आणि एका वहिनींनी मला बाजूला घेऊन समजावलं की जुगार चांगल्या घरात शोभत नाही. ह्याच वहिनींच्या घरी दिवाळीला तीन पत्ती चालते आणि त्या हरल्या की दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. मी त्यांना हे तिथे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, आणि त्याचा राग घेऊन घरी आले.

लीग जिंकल्यामुळे मला आमच्या भागाच्या फायनलला जायला मिळालं. पोस्टमन दुसरा आला होता, म्हणून त्यालाही. रविवारी दुपारी बारा वाजता, शहराबाहेरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. शंभरावर माणसं असतील. पहिल्या दोघांना पुढे देशाच्या फायनलला पाठवणार होते. मी थालीपिठं बांधून नेली होती, आमच्या दोघांसाठी. ब्रेकमध्ये त्याने दोन खाल्ली.

त्या दिवशी मी जितकी चांगली खेळले तितकी आधी कधी खेळले नव्हते. वाट पाहत बसले, भलत्या हाताला माया लावली नाही. एकेक करून टेबलं रिकामी झाली आणि चारच्या सुमाराला सहा जण उरलो. त्यात मी एकटी बाई. पोस्टमन माझ्या डाव्या हाताला बसला होता, त्याच्या चिप्स सगळ्यांत कमी. समोर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस होता. त्याच्याकडे भरपूर होत्या, माझ्यापेक्षा जराशाच कमी.

मला दोन दश्श्या आल्या. मध्ये पहिली तीन पानं उघडली, त्यात तिसरी दश्शी. चौथं पान आलं, काही धोका नव्हता. चौकडेवाल्याने टेबलावर टकटक केलं, म्हणजे पाळी माझ्याकडे दिली. मी म्हणाले, "ऑल इन." म्हणजे माझ्या सगळ्या चिप्स पणाला. तोंडाने बोललं की तो शब्द बंधनकारक असतो, हा नियम आहे. बोलून मी चिप्स पुढे सारायला लागले. दोन्ही हातांत सगळ्या मावत नव्हत्या, म्हणून आधी एक चवड पुढे ठेवली. तेवढ्यात तो म्हणाला, "कॉल," म्हणजे मान्य. दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये गेल्या की पुढे लावायचं काही उरत नाही, अशा वेळी पानं उघडायची असतात. मी माझ्या दश्श्या उघडल्या.

त्याने त्या पाहिल्या. मग माझ्या त्या एका चवडीएवढ्या चिप्स मोजून पुढे ठेवल्या आणि खुर्चीला टेकून बसला.

पानं वाटणाऱ्या बाईला मी सांगितलं, याने ऑल इनला कॉल म्हटलंय. तो तिच्याकडेच बघून म्हणाला, "मी त्या चवडीला कॉल म्हटलं. या काहीतरी बोलल्या, पण त्यांच्या अ‍ॅक्सेंटमुळे मला समजलं नाही."

दोन शब्द. ते शब्द इंग्रजीतच होते आणि त्या हॉलमध्ये दुपारपासून दर मिनिटाला कुणी ना कुणी तेच म्हणत होतं. दुसरं काय ऐकू येणार होतं त्याला?

मॅनेजरला बोलावलं. उंच, नम्र, सूट घातलेला माणूस. त्याने वाटणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, बारकडे गोंगाट होता, खात्रीने सांगता येणार नाही. मी म्हणाले की अजून एक पान यायचं असताना मी माझी पानं उघडी करेन का? एवढा साधा विचार करा. तो म्हणाला, मुद्दा समजला, पण कुणीतरी ऐकलेलं हवं. मग त्याने टेबलाभोवती नजर फिरवून विचारलं, तुमच्यापैकी कुणी ऐकलं का?

कुणी बोललं नाही. मी पोस्टमनकडे पाहिलं. माझा आणि त्याचा कोपर एकमेकांना लागत होता. तो आपल्या उरलेल्या चार चिप्स एकावर एक रचत होता.

निकाल लागला की फक्त ती एक चवड धरायची. शेवटचं पान आलं, मी पुन्हा ऑल इन म्हणाले, हॉलच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. माझी पानं सगळ्यांना दिसतच होती. चौकडेवाल्याने हसून आपली टाकून दिली. तो बाद व्हायला हवा होता. तो राहिला.

खरं सांगायचं तर मी त्या हाताला जिंकलेच होते. चिप्स माझ्याकडेच सर्वांत जास्त होत्या. शांत बसले असते तर पहिल्या दोघांत येणं कठीण नव्हतं. पण माझे कान तापले होते आणि समोर मला पत्ते दिसतच नव्हते, तो शर्ट दिसत होता. पुढच्याच हाताला मी नको तिथे भिडले आणि निम्म्या चिप्स दुसऱ्याच एकाला दिल्या. त्यानंतर एक्का-छक्की घेऊन चौकडेवाल्याच्या अंगावर गेले. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती. वीस मिनिटांत मी बाहेर. या भागाचा दोष कुणावर टाकत नाही, पण आठवलं की अजून जीव जळतो.

मी थांबून राहिले, कारण पोस्टमनच्या गाडीतून आले होते. तो दुसरा आला. पहिला चौकडेवाला. दोघांनी हात मिळवले, फोटो काढला.

गाडीत पहिली दहा मिनिटं तो रस्त्याच्या कामांबद्दल बोलत होता. मी विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं का?"

त्याने गिअर बदलला. "ऐकलं होतं," तो म्हणाला. "स्पष्ट ऐकलं. पण मी त्या हातात नव्हतो ना. उगाच तमाशा नको होता."

तमाशा. त्याच्या लेखी तमाशा म्हणजे त्याचं खरं बोलणं. माझ्या बोलण्याला एक माणूस भर हॉलमध्ये न समजणारी भाषा ठरवत होता, तो काही तमाशा नव्हता. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, अगं घर अजून तीन मैल आहे. मी पुन्हा सांगितलं. ट्रॅमचा स्टॉप बघून त्याने थांबवली. थालीपिठांचा रिकामा डबा त्याच्या मागच्या सीटवर राहिला.

नवरा म्हणाला, सोडून दे, खेळ आहे. मी म्हटलं, खेळ आहे म्हणूनच नियम आहेत. मी आयोजकांना दीड पान लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. गोड शब्दांत लिहिलं होतं की मॅनेजरचा निर्णय अंतिम असतो, मला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, आणि यापुढे सर्व खेळाडूंनी स्पष्ट आवाजात बोलावं अशी सूचना लावण्यात येईल. स्पष्ट आवाजात! मी ते पत्र कामावर नेलं आणि दिवसभर खिशात ठेवलं. त्या दिवशी अकरा पेशंट पाहिले. एकानेही मला पुन्हा सांगा म्हटलं नाही.

गुरुवारी जाणं बंद केलं. पोस्टमनने डबा धुऊन दारात ठेवला होता, तो मी उचलून आत घेतला, बेल वाजवून थँक यू म्हणायला गेले नाही. रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथला जायची. साठीला आलेली बाई, पण असंच करायची. चौकडेवाल्याचा राग महिनाभरात विरला. त्याचं माझं काय नातं? त्याला जिंकायचं होतं, लबाडी केली. रागाची खरी उकळी यायची ती ज्याने मला खुर्ची पुढे केली होती त्याची.

तीन महिन्यांनी, शनिवारी सकाळी, तो दारात आला. हातात एक कागद होता. आयोजकांना पत्र लिहिलंय, पाठवण्याआधी तू वाच, म्हणाला. मी उंबरठ्यावर उभ्या उभ्या वाचलं. चार ओळी होत्या. ती ऑल इन म्हणाली ते मी ऐकलं. विचारलं तेव्हा मी बोललो नाही. त्या चिप्स तिच्याकडे गेल्या असत्या तर आम्हाला कुणालाच पहिलं येण्याचा चान्स उरला नसता, हे मला कळत होतं. मी चुकलो.

म्हणजे तमाशाची भीती हे निम्मंच कारण होतं. शिकवलेली बाई पुढे चालली होती, ते त्याला नको होतं.

मी विचारलं, "देशाची फायनल कधी झाली?"

"गेल्या रविवारी," तो म्हणाला. "पहिल्या तासातच बाहेर पडलो."

"म्हणजे खेळून आल्यावर लिहिलंत."

तो म्हणाला, "हो." सबब सांगितली नाही. त्या एका शब्दापुरता मला तो पुन्हा बरा वाटला. मी कागद त्याला परत दिला आणि म्हटलं, पोस्टात टाका. आत या म्हटलं नाही. त्याने पत्र टाकलं, हे मला ठाऊक आहे, कारण नंतर लीगमध्ये त्यावरून चर्चा झाली. दोघा-तिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. खोटं वागल्याबद्दल नव्हे, कबूल केल्याबद्दल. निकाल अर्थातच बदलला नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा पबमध्ये जायला लागले. का जाऊ नये? खेळ मला येतो, आणि तो सोडून द्यावा असं मी काही केलं नव्हतं. पहिल्याच गुरुवारी पोस्टमन आणि मी एका टेबलावर आलो. एक नवा माणूस होता. मी "रेझ" म्हणाले, म्हणजे चिप्स वाढवल्या, तर त्याने डोळे बारीक करून शेजाऱ्याला विचारलं, या काय म्हणाल्या?

"रेझ म्हणाली ती," पोस्टमन पटकन म्हणाला. जरा मोठ्यानेच.

मी त्याच्याकडे वळले. "मला दुभाषा नको आहे," मी म्हणाले. "साक्षीदार हवा होता."

त्याने मान खाली घातली, त्याचे कान लाल झाले होते. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. मग मी नव्या माणसाकडे पाहून तोच शब्द पुन्हा म्हटला, त्याच आवाजात, तसूभरही मोठ्याने नाही. त्याला कळला. त्याने विचार केला आणि पानं टाकली.

त्या दिवशी मी चौथी आले.