आत्याचा पन्नासचा आकडा

माझी थोरली नणंद वीज नियंत्रण कक्षात काम करते. गेली सोळा वर्षं ती भिंतीवरच्या एकाच आकड्यावर डोळा ठेवून आहे: पन्नास. घरीसुद्धा पंखा बंद केला की दिव्याचं बटण दाबण्याआधी थांबते. सासरे नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत हसतात, "अगं, दाब! शहर नाही बुडणार!"

मागच्या महिन्यात शहरातल्या सगळ्या शाळांनी ठरवलं, शनिवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता घरोघरी पंधरा मिनिटं सगळे दिवे बंद. माझ्या लेकीने दारोदार चिठ्ठ्या वाटल्या. एक आत्याला दिली, तर आत्याचा चेहराच उतरला.

"वीज वाचेल ना गं? मग तोंड का पाडलंस?" लेकीने विचारलं.

"वीज डब्यात भरून ठेवता येत नाही, राणी. लोक वापरतात तेवढीच त्याच क्षणी बनवावी लागते. तू जोर लावून भरलेली हातगाडी ढकलते आहेस आणि कुणी एकदम सगळं सामान उचललं, तर?"

"गाडी सुसाट! मी तोंडावर!"

"आमची यंत्रंही तशीच पळतात. भिंतीवरचा आकडा म्हणजे त्यांचा वेग. तो पन्नासच्या फार वर गेला की ती स्वतःला वाचवायला बंद पडतात. मग सगळीकडे अंधार."

मी सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनकडे पाहिलं. त्याची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते.

"मग रद्द करायला सांगू?" लेक रडवेली झाली.

"छे! वेळ कळली हे बरंच झालं. सातच्या सुमारास धरणावरच्या यंत्रांचं पाणी कमी करू. पण सव्वासातला काय?"

लेक विचारात पडली. मग ओरडली, "सगळे एकदम लावतील! रिकाम्या गाडीत धपकन सामान!"

"आणि चिठ्ठीत त्याबद्दल अक्षर नाही."

लेकीने तेव्हाच बाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांतून नवी चिठ्ठी निघाली: दिवे एकेक करून, सावकाश लावा.

शनिवारी आत्या कामावर होती. सातला गल्ली काळी झाली. मी सासऱ्यांच्या उशाशी, जादाच्या सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून बसले. सव्वासातला समोर एक खिडकी उजळली, मग दुसरी. तिसऱ्या मजल्याने मात्र अख्खं घर एकदम उजळवलं.

"वाचता येत नाही वाटतं!" लेक खिडकीतून करवादली.

मशीनची घरघर चालूच राहिली.

पावणेआठला फोन आला. "वर पन्नास पॉइंट दोन, खाली एकोणपन्नास पॉइंट नऊ. बाबा कसे आहेत?"

"घोरतायत."

"मग मी आता डबा उघडते."