जनरल की स्पेशल

गोदामात तिला सगळे डिस्पॅचताई म्हणत. तेरा वर्षं ती एकच गोष्ट सांगत आली होती: जे शेवटी उतरायचं ते आधी चढवा. ट्रक एकाच बाजूने उघडतो, म्हणून शेवटच्या दुकानाचे फ्रिज आत, पहिल्याचे दाराशी. एवढंच शहाणपण, पण त्यावर कंपनीची अकरा दुकानं चालत होती.

त्या वर्षी कंपनीने ठरवलं की गोदामाचा मॅनेजर मास्टर्स केलेलाच हवा. कर्मचाऱ्याला शिकायला पाठवणार, पण एकदाच, आणि पंचेचाळिशीच्या आत. डिस्पॅचताई चव्वेचाळीसची. शनिवारी चारपर्यंत साहेबांच्या सहीने अर्ज द्यायचा. एका कॉलेजात नुसतं सप्लाय चेनचं व्यवस्थापन, दुसऱ्यात जनरल एमबीए.

"स्पेशल कर," सासरे म्हणाले. आयुष्यभर एकाच टेबलावर बसून निवृत्त झालेला माणूस. "एक ना धड, भाराभर चिंध्या कशाला?"

"वहिनी, जनरल," दीर म्हणाला. त्याने तेच केलं होतं. आधी विमा, मग फरशा, मग हॉस्पिटल, आता गाद्या. "मी कुठेही चालतो."

"खोटं नाणंही चालतं. पकडेपर्यंत."

"पकडलंय कुणी, बाबा?"

तिने स्पेशलचं माहितीपत्रक उघडलं. पहिल्या सत्रात मालाची चढउतार. दुसऱ्यात चढउताराचा क्रम.

"दोन वर्षं हे मला माझंच शिकवणार," ती म्हणाली.

"मग पहिली येशील," नवरा म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. संसारातले बरेच सल्ले असेच पाठीकडून मिळतात.

गोदामाचे साहेब नवे होते. जनरल एमबीए. याआधी टूथपेस्ट, त्याआधी एक हॉटेल. गुरुवारी त्यांनी ट्रकच्या मालाची यादी वाचली आणि हुकूम सोडला: पहिल्या दुकानाचा माल पहिला भरा.

"साहेब, तो आत अडकेल."

"ताई, तेरा वर्षं एकच काम केलं की माणसाला दुसरं दिसेनासं होतं. साधं लॉजिक आहे."

हमाल तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एरवी ती भांडली असती, पण अर्जावर सही यांचीच हवी होती.

"भरा रे," ती म्हणाली. "साहेबांचं लॉजिक आहे, नीट बांधा."

अकरा वाजता ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, एकवीस फ्रिज रस्त्यावर उभे केलेत. येणारे-जाणारे भाव विचारतायत."

ती गेली. साहेबही गेले, सावली बघून उभे राहिले. तिने दोन तास उन्हात सगळं पुन्हा लावून घेतलं.

शनिवारी मुख्य कार्यालयातली माणसं आली. साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला: 'उलट क्रमाची भरणी: शेवटचं दुकान आधी, एक प्रयोग'. गुरुवारचा गोंधळ पहिल्याच चौकटीत होता, 'जुनी पद्धत' या नावाने.

"सुचलं कसं हे?" एकाने विचारलं.

"स्वतः रस्त्यावर उभं राहावं लागतं, सर."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत डिस्पॅचताईनेही वाजवल्या. मग मांडीवरच्या कोऱ्या अर्जात एका चौकोनात खूण केली.

पावणेचारला चहाच्या टेबलापाशी तिने तो साहेबांपुढे धरला.

"जनरल? ताई, चुकताय तुम्ही. स्पेशल करा. तुम्हाला त्यातलं सगळं येतं."

"म्हणूनच नको. माल भरता येतो मला, साहेब. तो मी भरला, हे सांगता येत नाही."

साहेब हसले. विनोद आहे असं समजून, किंवा तसं समजलेलं बरं म्हणून. "अहो, पण तुम्ही कॉलेजात बसलात तर इथली भरणी कोण बघणार?"

"प्रयोग तुमचा आहे. तुम्हीच बघाल की."

मुख्य कार्यालयातले दोघं जवळच उभे होते. साहेबांनी खिसे चाचपले. "पेन आहे?"

तिने दिलं. त्यांनी घाईघाईने सही केली, अर्ज परत केला आणि सवयीने पेन स्वतःच्या खिशाला लावलं.

"ते माझं आहे," डिस्पॅचताई म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. कप हातात धरलेले दोघंही वळले, आणि साहेबांना ते काढून द्यावं लागलं.