लतिकाताईंची तिसरी पिन

आगाशीच्या बाजारात लतिका राऊत यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी तार वेढे घालून भरायची, हे त्यांचं काम. आसपासच्या वाड्यांतले, विहिरींवरचे कितीतरी पंप त्यांच्या हातून पुन्हा सुरू झालेत.

हे काम त्यांनी ठरवून धरलं नव्हतं. त्या एकोणीस वर्षांच्या असताना ऐन एप्रिलमध्ये घरचा पंप जळाला. विरारच्या मिस्त्रीने आज देतो, उद्या देतो करत दहा दिवस घालवले. इकडे वाडीतली केळीची झाडं माना टाकू लागली. वडील, बाबू राऊत, खांद्यावरून पाणी वाहून थकले. लतिकाताई रोज मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसायच्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, "नुसती बघत काय बसतेस? हे वेढे मोज." त्यांनी मोजले, आणि तिसऱ्या दिवशी त्याची चूकही दाखवली. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात चाळीस मुलगे आणि त्या एकट्या. वायरमनचा परवाना काढूनच त्या थांबल्या.

माझी त्यांची ओळख अलीकडची. मी तुळिंजमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी आठवीला विजेचा धडा शिकवायचा होता, म्हणून मी त्यांच्याकडे तांब्याची थोडी जुनी तार मागायला गेले.

"तार कशाला हवी, हेमांगी मॅडम?" त्यांनी विचारलं.

"मुलांना दाखवायला."

"तार बघून काय कळणार? मी येऊ का?"

शनिवारी त्या आल्या त्या दोन पिशव्या भरून. जुना पंखा, बिघडलेली इस्त्री, स्विच, प्लग, बॅटऱ्या, छोटे बल्ब. खोटं कशाला बोलू, पहिली पाच मिनिटं त्यांचा आवाज कापत होता. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मग त्यांनी बोलणं सोडलं आणि इस्त्री खोलून टेबलावर मांडली. मुलं बाकं सोडून पुढे आली. कोणी बॅटरीवर बल्ब पेटवला, कोणी पंख्यातली तार बोटाने चाचपली. "बॅटरीशी हवं तेवढं खेळा," त्या म्हणाल्या, "भिंतीतल्या विजेशी खेळायचं नाही. मीही खेळत नाही."

मग त्यांनी तीन पिनांचा प्लग वर धरला.

"ही वरची पिन मोठी का, सांगा बरं?"

त्यांनी त्या पिनेवर बोट टेकवलं.

"ही अर्थिंगची. यंत्रात कुठे बिघाड झाला आणि पत्र्यात वीज उतरली, तर ती हिच्यातून जमिनीत जाते. तुमच्या अंगातून जात नाही. लांब आहे, म्हणून प्लग लावताना आधी हीच जोडली जाते."

पूर्वी नावाची एक अबोल मुलगी होती माझ्या वर्गात. तिने हळूच हात वर केला. "ताई, आपल्या पाण्याच्या कूलरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. ते त्याच्यामुळे का?"

लतिकाताईंनी विचारलं, "आणखी कोणाला येतात?"

अर्ध्या वर्गाचे हात वर गेले. मुंग्यांची ही तक्रार मी आधी ऐकली होती आणि हसण्यावारी नेली होती.

लतिकाताई तडक व्हरांड्यात गेल्या. मुलांना लांब उभं केलं आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. त्यातला दिवा लागला. प्लग जुन्या बोर्डात बसत नव्हता, म्हणून कोणीतरी त्याची मोठी पिन कापून टाकली होती. त्यांनी मेन स्विच पाडला.

मुख्याध्यापक धावत आले. "बाई, दुपारी पालकसभा आहे. चारशे माणसं येतील, पाणी बंद कसं ठेवू? सोमवारी बघू."

"सर, आत मी मुलांना हेच शिकवत होते. बाहेर येऊन डोळेझाक करू?"

"अहो, पण हे काम परवानावाल्या माणसाचं आहे."

लतिकाताईंनी पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "काय काय लागेल, सांगा."

सभेला आम्ही पाण्याचे पिंप आणि पेले मांडले. लतिकाताई सोमवार, मंगळवार शाळेतच होत्या. कूलरमधली एक वायर उंदरांनी कुरतडली होती, ती बदलली; नवा बोर्ड आणि तीन पिनांचा नवा प्लगही बसवला. शाळेची मूळ अर्थिंगची तार तर गंजून तुटलेलीच निघाली. मग मैदानाच्या कडेला खोल खड्डा खणून घेतला. त्यात धातूची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. मीठ वर्गातल्या स्वरूपच्या आजोबांनी मिठागरातून धाडलं होतं. खड्ड्याच्या कडेला आठवीचा वर्ग उभा होता आणि सर स्वतः वहीत आकृती काढत होते.

शेवटी त्यांनी तपासणीचा बल्ब लावला. तो लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग जमिनीशी नीट जोडली गेली होती. पुन्हा कूलरला टेस्टर टेकवला, तर दिवा लागला नाही. मुलांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पाचवीचे वर्ग बाहेर आले.

स्नेहसंमेलनात सरांनी मंचावरून आपली चूक सांगितली आणि लतिकाताईंना शाल दिली. त्यांनी ती घेतली, पण माईकवर एवढंच म्हणाल्या, "प्रश्न पूर्वीने विचारला. तिला वर बोलवा." पूर्वी आली तेव्हा तिची आई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. माझे डोळे भरून आले.

आता शनिवारी सकाळी आगाशीतलं दुकान बंद असतं. लतिकाताई शाळांमध्ये असतात. नंदाखालपासून विरारपर्यंत नऊ शाळा झाल्या. या वर्षी आमच्या शाळेतल्या दोन मुलींनी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात प्रवेश घेतला. एक पूर्वी, दुसरी क्षितिजा. प्रवेशाच्या दिवशी लतिकाताई त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "मॅडम, वर्गात मुली किती आहेत माहितीये? अकरा." आणि तो आकडा त्यांनी मला तीनदा सांगितला.