गिऱ्हाइकाला गाडीखाली घालणारा मिस्त्री

कुरुळी फाट्यावरच्या त्या मिस्त्रीचा मला अजून राग येतो. बोलतो कमी, आणि बोलला की खेकसतो. थांबलेली गाडी पुढे काढताना खालून दणका बसायचा, म्हणून शोरूमवाल्यांनी माझ्या बारा वर्षं जुन्या एसयूव्हीचा अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. त्यांना शिव्या घालतच मी त्याच्याकडे गेलो. वाटलं, हाही चार घालेल.

"खाली या," एवढंच म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो असाच गाडीखाली घालतो. पुठ्ठ्यावर आडवं होताना माझं डोकं आणखीच तापलं. त्यानं मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट अंगठ्यानं पुसला. वाळलेल्या चिखलाखाली ग्रीस भरायचं निप्पल निघालं.

"हे कधी बघितलं व्हतं?"

"नाही."

त्यानं ग्रीसगन लावून चार-पाच दाब मारले. मी चक्कर मारून आलो. दणका बंद!

"चोर साले शोरूमवाले!" मी ओरडलो.

त्यानं माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड काळ्या बोटांनी उलटं करून वाचलं.

"मेंटेनन्सला हाय व्हय तुमी? कंपनीच्या मशीनला रोज ग्रीस मारता. मग ही काय सावत्र हाय?"