थंडीची रंगीत तालीम

जानेवारीच्या मध्याला उत्तरेचा वारा पार देवगडपर्यंत उतरला आणि जामसंड्यात लोकांनी ट्रंकांतून शाली बाहेर काढल्या. संध्याकाळपासून दारोदार शेकोट्या पेटू लागल्या. खोबरेल तेल बाटलीत थिजून पांढरं झालं. इकडे थंडी मोजायची ती अशीच. बाटली उलटी केली आणि तेल जागचं हललं नाही, की थंडी खरी.

आंबेवाले खुशीत होते, कारण अशा थंडीत कलमांना मोहर चांगला धरतो. पण त्यांच्याहून खूश दिसत होत्या त्या यशोदाबाई. रोज सकाळी अंगणात उभ्या राहून त्या आभाळाकडे बघत.

"काय बगतंस गो वयनी?" शेजारच्या बाबूंनी शेकोटीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"बर्फ पडता काय तां बगतंय."

"देवगडात बर्फ?" बाबूंना धुराचा नव्हे, हसण्याचा ठसका लागला. "अगो, हयसर बर्फ दिसतलो तो माशांच्या टोपलीत. आणि खरोच पडलो तर माझो मोहर करपान जायत. असला काय वायट मागतंस?"

"तुमचो मोहर रवांदे, भावजी. माझ्या अंगणात पडलो तरी पुरे."

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली. वाण्याने साखर बांधता बांधता "बर्फ इलो काय, बाय?" म्हणून विचारलं. यशोदाबाई रागावल्या नाहीत. त्यांचं मन सिमल्याला होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता बँकेत अधिकारी होती. बदली होऊन ती सिमल्याला गेली आणि तिथेच तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे यशोदाबाईंनी गृहीतच धरलं होतं. डिंक, अळीव, बाळंतविडा, सगळी तयारी होती. पण मध्येच काही तक्रार निघाली आणि डॉक्टरांनी प्राजक्ताला प्रवास बंद केला. नवरा मालवाहू बोटीवर, त्याला मार्चपर्यंत सुट्टी नाही. सासू हयात नाही.

"आई, मी येऊ शकत नाही. तूच ये," प्राजक्ता फोनवर म्हणाली होती. "जमत नसेल तर तसं सांग, मी इथे बाई बघते. पण रविवारपर्यंत सांग."

यशोदाबाईंना जायचं होतं. भीती होती ती छातीची. नवऱ्यामागे त्यांनी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून लेकीला वाढवलं, शिकवलं. चुलीच्या धुरात इतकी वर्षं काढल्यावर थोड्या गारव्यानेही त्यांना धाप लागे. एकदा आंबोलीला लग्नाला गेल्या, तर रात्र बसून काढावी लागली होती. सिमल्यात तर बर्फ पडतो. बाळंतिणीची सेवा करायला जायचं आणि आपणच अंथरूण धरायचं, म्हणजे त्या पोरीने बाळाकडे बघायचं की आईकडे? म्हणून त्यांना वाटे, एकदा इथेच, आपल्या माणसांत, बर्फ अंगावर घेऊन बघता आला तर काय ते कळेल.

शुक्रवारी वारा पडला. बाटलीतलं तेल उन्हाने पातळ होऊ लागलं. आता बर्फ कसला पडतो! यशोदाबाई उठल्या आणि थेट बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेल्या. तिथे याकूब कामाला होता. त्याची मुलगी मदिहा शाळेत त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली होती.

"याकूब, माका लाद्यांच्या कोठीत बसाक दी."

"कित्याक गो काकी?"

त्यांनी सगळं सांगितलं. याकूब डोकं खाजवत राहिला. "तुका नाय म्हणाक माका जीब उचलना नाय. पण आत तुका काय झाला, तर प्राजक्ता माका जित्तो सोडूची नाय. थांब, रुकय्याक हाडतंय. दोगी बसा. मी दारात उबो रवतंय."

त्याची बायको रुकय्या पदराला हात पुसत आली. दोघी कोठीत शिरल्या. यशोदाबाईंनी आपल्या परीने पूर्ण तयारी केली होती. घरून निघताना डोक्यापासून तळपायापर्यंत खोबरेल चोपडलं होतं. थंडीत अंगाला तेल लावायचं, हे त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. पण ती जामसंड्याची थंडी. इथे बर्फाच्या लाद्या छपरापर्यंत रचलेल्या. थोड्याच वेळात केसांतलं तेल थिजलं, भुवया पांढऱ्या झाल्या, हातांवर मेणासारखा थर चढला.

"अगो काकी," रुकय्या ओरडली, "तू तर मेणबत्ती झालंस!"

यशोदाबाईंना हसू आवरेना. पण मोठ्याने हसताना गार हवा छातीत गेली आणि खोकल्याची उबळ आली. याकूबने त्यांना धरून बाहेर काढलं. त्या पायरीवर बसल्या. धाप ओसरली, डोळ्यांतलं पाणी ओसरेना.

"नाय जमाचा माका. प्राजक्ताक सांगतंय, बाई बघ म्हणान."

"एकदा तेलकट होवन गेलंस आणि तोंड उघडून हसलंस, हेका काय परीक्षा म्हणतत?" रुकय्या म्हणाली. "चल घरी."

रुकय्याचा बाप बोटीवर खलाशी होता. थंड मुलखातली बंदरं बघून आलेला. रुकय्याने ऊन पाण्याने यशोदाबाईंचं तेल घासून काढलं, त्यांना बापाचा जाड लोकरी स्वेटर चढवला आणि ओढणीने नाक-तोंड गुंडाळलं. "बापूस म्हणायचो, थंड वारो सरळ आत घेव नये. कापडातसून घेवचो. आणि आत गप रवायचा."

जेवणं झाल्यावर दोघी पुन्हा कोठीत शिरल्या. या वेळी यशोदाबाई गप्प बसल्या, कापडातून हळूहळू श्वास घेत राहिल्या. छाती शांत होती. याकूबने दार ढकललं तसा छपराखालच्या गारव्याच्या नळ्यांवरचा भुसभुशीत पांढरा थर सुटला आणि त्यांच्या खांद्यांवर, मांडीवर पडला. त्यांनी तो चिमटीत धरला. पाणी झालं.

"इतकोच?" त्या ओढणीतून म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "आज जमला. पण थंय मी आजारी पडलंय तर? त्या बाळंतीण चेडवान माझा करूचा?"

"मगे?" रुकय्या म्हणाली. "तू तिचा जल्मभर केलंस. चार दीस तिना तुझा केला तर काय आभाळ कोसळता?"

 यशोदाबाईंनी तिथूनच फोन लावला. "येतंय गो. तिकीट काढ." पलीकडून प्राजक्ताने नाक ओढल्याचा आवाज आला.

त्या स्वेटरात त्या सिमल्याला गेल्या. फेब्रुवारीत नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. त्यांना अळीव, शेक, तेलपाणी, सगळं यशोदाबाईंनी केलं. बर्फही पडला. खिडकीतून त्यांनी तो पोटभर बघितला.

बारशानंतर यशोदाबाईंना सर्दी झाली. छाती भरली. त्या गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन खोकत होत्या, ते प्राजक्ताने ऐकलं. बाळाला थोपटून निजवून ती आली, पातेल्यात पाणी उकळलं, आईला वाफ घ्यायला बसवलं, वरून टॉवेल घातला आणि पाठीवर हात फिरवत राहिली. टॉवेलाखाली यशोदाबाईंनी एकदा "तू जा, निज" म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि देवाचे आभार मानत वाफ घेत राहिल्या.