साबेराचाचीचा कान

सोलापुरात विजापूर वेशीजवळ नबीसाब आणि त्याची बायको साबेरा यांचं मोटारी भरून द्यायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान आहे. जड कामं नबीसाब करतो. तार बारीक असली की साबेरा बसते. तीस वर्षं तिनं पंखे आणि पाण्याच्या मोटारी भरल्या. गिटार तिनं फक्त टीव्हीवर पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी श्रीशैल दुकानात आला. जुळे सोलापुरात राहणारा, शाळेत गणित शिकवणारा आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. त्याच्या गिटारचा पिकप, म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांचा आवाज पकडणारा भाग, मेला होता. हे आपलं काम नाही, असं नबीसाब म्हणाला. साबेरानं मात्र तो उघडून पाहिला. आत लोहचुंबक आणि भोवती केसाहून बारीक तांब्याची तार. ही तर आपलीच वस्तू, असं तिला वाटलं. दोनदा तार तुटली, तिसऱ्यांदा जमलं.

गिटार वाजली तेव्हा तिला हसू आवरेना. पण सुरामागे बारीक घूं घूं येत होती. श्रीशैलनं समजावलं, एका गुंडाळीचा पिकप असाच असतो. आवाज लखलखीत, पण विजेची गुणगुण सोबत घेऊन येतो. दोन गुंडाळ्यांचा असला की एकीची गुणगुण दुसरी मारते आणि आवाज भरीव होतो. साबेराला हे लगेच पटलं. त्या दिवसापासून तो आला की ती त्याला त्याची एका गुंडाळीची आणि ऑर्केस्ट्रातल्या जोडीदाराची दोन गुंडाळ्यांची गिटार आलटून पालटून वाजवायला लावायची आणि त्याच्याकडे पाठ फिरवून कुठली ते ओळखायची. महिनाभरात ती चुकेनाशी झाली.

यंदा श्रीशैलनं बार्शीहून जुनी गिटार आणली. दोन गुंडाळ्यांचा पिकप आहे म्हणून तो खुशीत होता. साबेरा दोन मिनिटं ऐकत राहिली.

"दिसतायत दोन, पण वाजतंय एकच की," ती म्हणाली.

श्रीशैलला ते पटेना. तिनं पेचकस घेऊन पिकपच्या एका रांगेवर टिचकी मारली. स्पीकरमधून ठण्‌ आवाज आला. दुसऱ्या रांगेवर मारली, तर जेमतेम टिक. उघडून पाहिलं तर कुणीतरी डाग देताना, म्हणजे कथलानं तार जोडताना, दुसऱ्या गुंडाळीची दोन्ही टोकं एकत्र चिकटवून ठेवली होती. तिनं ती सोडवली. घूं घूं गेली, आणि गिटारचा आवाज असा भरला की शेजारचा चहावाला बघायला आला.

पुढच्या आठवड्यात कुंभारी गावात एका लग्नात कार्यक्रम होता. श्रीशैलनं नवराबायकोला आग्रहानं नेलं. मधेच त्यानं माईक घेतला, दुकानातल्या चाचीची गोष्ट मांडवाला सांगितली, आणि दोन्ही गिटार घेऊन पडद्यामागे गेला. एक ओळ वाजली.

"एकाचा," साबेरा बसल्या जागेवरून म्हणाली.

दुसरी वाजली. "दोनचा."

तिसऱ्या ओळीला तिनं मान कलती करून ऐकलं. "ह्यो बी दोनचाच हाय. मला फसवतोय त्यो."

पडद्यामागून श्रीशैलचं हसू ऐकू आलं. नवरी स्वतः उठून तिच्याजवळ आली. टाळ्या वाजत असताना नबीसाब शेजारच्या पाहुण्याला सांगत होता की, ही आमच्या घरची.