पहिलं पोतं

कॉम्प्युटर शिकलेल्या भाचीला घरात कुणी स्वस्थ बसू देत नाही. नांदुऱ्याला मामाची आडत. सोयाबीनचा हंगाम, आणि मी पुण्याचं काम लॅपटॉपवर घेऊन तिथे मुक्कामी. मामाने सकाळच्या चहालाच फर्मान काढलं, "आपले मापाडीकाका मोबाइलवर पोते लिहून राह्यले. त्याची बेरीज आपोआप होईन असं काही करून दे."

एवढंच ना, म्हणत मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक दिलेले हुकूम. काकांनी एका ओळीत पोत्याचा नंबर आणि वजन लिहायचं, स्क्रिप्टने एकूण पोती आणि एकूण वजन सांगायचं. पहिल्याच दिवशी ती पहिल्याच ओळीवर अडून बसली. पाहते तर काय, काकांनी वहीत लिहावं तसं मोबाइलवरही सगळ्यात वर 'श्री' लिहिलेलं!

आता शेलला बिचाऱ्याला पाच काय आणि पापड काय, सगळी अक्षरंच. आकडा कुठला हे आपण तपासून द्यावं लागतं. मी तपासणी घातली: ओळीची सुरुवात शून्य ते नऊ एवढ्याच आकड्यांनी झाली असेल तर ओळ घे, नाहीतर मुकाट्याने सोडून दे. स्वतःच 1, 2, 3 असे आकडे लिहून चाचणीही घेतली. बेरीज चोख आली. मामाने सगळ्या बाजारात माझं कौतुक सांगितलं आणि मी ते सांगू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून यादीत प्रत्येक शेतकऱ्याच्या ढिगामागे एक पोतं कमी येऊ लागलं. थप्पीत चोवीस, यादीत तेवीस. मामा गरम. "काका, दर ढिगात एक पोतं काऊन सुटून राह्यलं? ध्यान कुठं हाय?"

काका म्हणाले, "मालक, म्या तं बरोबर मोजलं." पण आवाजात जोर नव्हता. तीस वर्षं मापावर घालवलेला माणूस; त्यांनी मोजलेलं कुणी पुन्हा मोजत नसे. तिसऱ्या दिवशी मामा माझ्याजवळ म्हणाला, "बुढ्याचं डोकं चाललं वाटते. दिवाळीनंतर दुसरा मापाडी पाहू." मला वाईट वाटलं. स्क्रिप्ट पुन्हा तपासावी असं मात्र एकदाही वाटलं नाही. एरर येत नव्हती ना, मग झालं तर!

चौथ्या दिवशी यादी बरोबर आली. पाचव्याही. मामा म्हणाला, "पाह्य, ध्यान देलं का येते बरोबर." म्हणजे चूक काकांचीच, हे आता पक्कंच झालं.

त्या दुपारी यादीच्या छपाईतलं काहीतरी नीट करायला मी काकांची फाइल उघडली. 'श्री'खाली लिहिलं होतं 1. मला ते कसंतरीच वाटलं. का, ते कळेना. आधीच्या दिवसांची फाइल उघडली. 'श्री'खाली लिहिलं होतं 'लाभ'.

आमच्याकडे माप टाकताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. शुभ म्हणून लाभ, मग दोन, तीन, अशी मोजणी चालते. लहानपणापासून इतकं कानावर पडलेलं, की मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. काका बोलत तसंच, आधी 'लाभ' आणि मग 2, 3, असं लिहीत होते, आणि माझी स्क्रिप्ट प्रत्येक शेतकऱ्याचं पहिलं पोतं 'हा आकडा नाही' म्हणून फेकून देत होती. बोलणी खाल्ल्यावर काका शाळेतल्या मुलासारखे प्रत्येक पोत्याला हात लावून एकपासून मोजायला लागले होते, म्हणून यादी जुळली.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तशीच उठले आणि भर आडतीत, शेतकऱ्यांसमोर, मामाला सांगितलं की चूक माझी आहे, काकांचं एकही पोतं सुटलेलं नाही. मामाला माफी मागता येत नाही; त्याने काकांसाठी स्वतः उठून चहा आणला. मामाच्या मानाने ते पुष्कळच झालं.

काकांनी चहा बशीत ओतला. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं."

"त्याचं काही नाही, माय," ते हसले. "परवा म्या दवाखान्यात जाऊन आलो. म्हटलं, डोकं तपासून घ्या. डॉक्टरनं शंभरापासून उलटे आकडे म्हणायले लावले. म्हटले सारे. डॉक्टर म्हणे, बाबा, तुमचं डोकं ठणठणीत हाय."

"मग तेव्हाच येऊन सांगायचं ना आम्हाला!"

"मलेच खरं वाटलं नाही, माय. म्हटलं, डॉक्टर चुकला असन. तुही मशीन कशी चुकीन?"